जाते नाही, येते म्हणायचं

रविवार, १ फेब्रुवारी

दादा,

हा पत्ता मावशीकडून मिळवला. देताना ती म्हणाली, तू आता तिथे राहत नसशीलही, पण घरमालकीण भली बाई आहे, आलेली पत्रं पुढे पाठवते. म्हणजे हे पत्र तुला मिळेल, किंवा मिळणार नाही, किंवा मिळेल आणि तू उघडणार नाहीस. या तिन्ही शक्यता काल दिवसभर घोळवल्या आणि आज लिहायला बसले. फोनवर मी कशी अडखळते ते तुला माहीत आहे. शिवाय मागे केला तेव्हा तू उचलला नव्हतास. हे वाक्य तक्रार म्हणून लिहिलेलं नाही.

मला नोकरी लागली. शिक्षिकेची. हसू नकोस. शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन उलट्या पावली घरी पळणारी, दहा वर्षांची होईपर्यंत स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी तुझ्याकडून शिकलेली मुलगी आता रोज सकाळी सगळ्यांच्या आधी फाटकातून आत जाते. उशीर होईल या धास्तीने इतक्या लवकर निघते की शिपाईमामा किल्ल्यांचा जुडगा घेऊन येतात तेव्हा मी पायरीवर बसलेली असते.

माझा वर्ग जरा वेगळा आहे. गावाबाहेरून पाण्याचा मोठा नळ टाकतायत, आत माणूस ताठ उभा राहील एवढा. ते काम करणारी माणसं परदेशातून आलीत. त्यांच्या मुलांना आपली भाषा येत नाही. ती आधी माझ्याकडे भाषा शिकतात आणि मग आपापल्या इयत्तेत जातात. म्हणजे जायला हवीत. नळ पुढे सरकतो तशी त्यांची घरंही सरकतात, आणि मुलं इयत्तेत पोचायच्या आत पुढच्या गावी पोचतात. मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "या वर्गात जीव अडकवू नकोस. वाहतं पाणी आहे ते." मी मान हलवली. मान हलवायला माझं काय जातं.

पहिल्या दिवसाची फजिती तुला सांगायलाच हवी. त्या दिवशी मी त्यांना 'ये' आणि 'जा' शिकवलं होतं. दाराशी जाऊन, वर्गात येऊन, चांगलं नाटक करून. शाळा सुटल्यावर पिशवी उचलली, सवयीने म्हटलं, "चला, येते हं मी," आणि घरी आले. ताटावर बसते तोच शिपाईमामांचा फोन. "बाई, पोरं उठेनात. बाई येते म्हणाल्यात, असं म्हणतात." मी धावत गेले. अख्खा वर्ग हाताची घडी घालून बसलेला. बाहेर त्यांच्या आया ताटकळलेल्या. मला बघून मुलांना काही विशेष वाटलं नाही. बाई येते म्हणाल्या होत्या, बाई आल्या.

दुसऱ्या दिवशी पहिला धडा तोच घेतला. आपल्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मागच्या बाकावरून एक मुलगी उठली आणि म्हणाली, "का?"

हा तिचा लाडका शब्द. आपल्या भाषेतला तिने पहिला उचलला तो हाच. दिवसभर का, का चालू असतं, म्हणून शिपाईमामांनी तिचं नावच 'काका' पाडलंय. नऊ वर्षांची, दोन वेण्यांची काका. "काय काका, बरंय ना?" असं त्यांनी विचारलं की ती गंभीरपणे सांगते, "बरंय. का?" (आपल्या काकांशी याचा संबंध नाही. ते मजेत आहेत, गुडघे सोडून.)

मी तिला सांगितलं, जातो म्हटलं की हा माणूस परत येणार नाही असं वाटतं, घरच्यांच्या काळजात धस्स होतं. तिने विचार केला आणि म्हणाली, "मग जो खरंच जातो, तो काय म्हणतो?"

मला उत्तर माहीत होतं. मी ते जिन्यावर बसून ऐकलेलं आहे. पण मी म्हटलं, "तोसुद्धा येतोच म्हणतो," आणि फळा पुसायला वळले.

आई बरी आहे. बाबा दुकानात असतात.

तुझी पहिली आणि बहुधा शेवटची विद्यार्थिनी


गुरुवार, १२ फेब्रुवारी

दादा,

उत्तर आलेलं नाही, पण पत्र परतही आलेलं नाही. हा मी शुभशकुन मानते.

आज लिहायचं कारण काका. वर्गात सगळ्यात चुरचुरीत बोलते ती हीच. मी एकदा म्हटलेलं वाक्य ती माझ्याच सुरात परत म्हणते, माझ्या अडखळण्यासकट. पण फळ्यावरचं उतरवून घे म्हटलं की वहीत भलतंच. मोठ्या बाई म्हणाल्या, तोंडाने हुशार असतात अशी, डोक्याने नसतात. आधीच्या गावांतल्या शाळांनीही हेच ठरवलं होतं. वाचता येत नाही म्हणून तिला दर वेळी पहिलीत बसवलंय. इथेही महिनाअखेरीला वर्ग ठरायचे आहेत आणि मोठ्या बाईंच्या मनात तिला मंद मुलांच्या वर्गात पाठवायचं आहे. तो वर्ग तू पाहायला हवास. तिथे मण्यांच्या माळा ओवतात. तिथून कुणी परत इयत्तेत आल्याचं कुणाला आठवत नाही.

परवा शिपाईमामा सहज म्हणाले, "तुमची काका फळा वाचते की हुंगते?" आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती खरंच नाक लावून बघत होती. चष्मेवाल्याची मुलगी मी, आणि मला दिसलं नाही. इतके दिवस तिला दिसत नव्हतं आणि मला तिचं न दिसणं दिसत नव्हतं. रात्री झोप आली नाही. (गॅस बंद आहे का हेही दोनदा बघून आले, पण ते रोजचंच.)

आज संध्याकाळी तिला दुकानात नेलं. तिचे वडील कामावरून परस्पर आले. नळाचे जोड पेटवून सांधतात ते. वेल्डर. आत या म्हटलं तर आपल्या कपड्यांकडे बोट दाखवून पायरीखालीच उभे राहिले, आणि सगळा वेळ काचेतून आत बघत होते. तिला आपली अक्षरं येतात की नाही कुणालाच नक्की ठाऊक नाही म्हणून बाबांनी तीन पायांच्या खुणेचा तक्ता लावला. पाय कुठल्या बाजूला आहेत ते बोटांनी दाखवायचं. सगळ्यात वरची, ताटलीएवढी खूण बाबांनी दाखवली, तर ती म्हणाली, "कुठे?"

मग बाबा एकेक भिंग घालत गेले आणि प्रत्येक भिंगाला काका विचारत गेली, का? काच गोल का, थंड का, आता मोठं का दिसतं, आता लहान का. आणि बाबा सांगत होते. डोळ्यात चित्र कुठे पडतं, तिचं कुठे अलीकडेच पडतं, सगळं. तू गेल्यापासून दुकानात मी त्यांना एवढं बोलताना ऐकलेलं नाही. शेवटी मला बाजूला घेऊन म्हणाले, "मायनस सहा. या पोरीने आजवर झाडाला पानं बघितलेली नाहीत. हिरवा ढीग बघितलाय."

लाल फ्रेम तिनेच निवडली. भिंगं बाहेरून घासून यायची, मंगळवारी चष्मा तयार. चष्मा लावून ती एकदा फळा वाचेल आणि मग मोठ्या बाईंना मी... काय करीन मी? काही नाही, मान हलवीन. पण वेगळ्या तऱ्हेने.

परत येताना तुझा तक्ता आठवला. बाबांनी टाकून दिलेला तो जुना तक्ता तू स्वयंपाकघरात टांगलास आणि मला त्याच्यावर अक्षरं शिकवलीस. तो आरशात बघून वाचायचा तक्ता होता हे तुझ्या ध्यानातच आलं नाही, आणि मी कितीतरी दिवस सगळी अक्षरं उलटी काढत राहिले. आईला वाटलं पोरीच्या डोक्यात काही बिघाड आहे. तू म्हणालास, डोकं ठीक आहे, तक्ता उलटा आहे.

तेच वाक्य मी मोठ्या बाईंसाठी पाठ करून ठेवलंय.

तुझी


मंगळवार, १७ फेब्रुवारी

दादा,

काका गेली.

नीट क्रमाने लिहिते, नाहीतर मी भरकटेन. शुक्रवारी शाळा सुटली. मुलं रांगेने माझ्यासमोरून जातात आणि प्रत्येक जण "येतो बाई", "येते बाई" म्हणतो. आता त्यांना त्यात मजा वाटते, काही जण दोनदा म्हणून घेतात. काका शेवटी आली. टेबलाशी थांबली. मी वह्या बांधत होते.

"बाई, मी जाते," ती म्हणाली.

मी मान वर न करता म्हटलं, "जाते नाही, येते म्हणायचं."

"पण मी जाते."

"शहाणी ना तू? काय म्हणायचं ठरलंय?"

तिने पिशवी खांद्याला लावली. मग म्हणाली, "येते." आणि गेली.

आमच्या वर्गाला शनिवारी सुट्टी असते. सोमवारी ती नव्हती, आणखी चौघंही नव्हती. मला वाटलं, ताप असेल. आज बाबांनी चष्मा आणून ठेवला. तो घेऊन शाळा सुटल्यावर मी त्यांच्या वस्तीवर गेले. पत्र्याच्या खोल्या नव्हत्याच. जिथे होत्या तिथे जमिनीवर चौकोन उरलेत, एकेका खोलीचा एकेक, आणि दगडांच्या चुली. कुत्रं तेवढं होतं. आजूबाजूला विचारलं. त्यांना शुक्रवारी दुपारी, मुलं मधल्या सुट्टीत जेवायला घरी गेली होती तेव्हा सांगितलं आणि शनिवारी पहाटे गाड्या लावल्या. म्हणजे ती माझ्याकडे आली तेव्हा तिला कळून थोडाच वेळ झाला होता. ती मला सांगायला आली होती. तिच्याकडे त्याच्यासाठी एकच शब्द होता, अगदी बरोबर शब्द, आणि मी तो खोडला.

लाल चष्मा माझ्यासमोर टेबलावर आहे. पुढच्या शाळेत कुणाला काय माहीत. पुन्हा पहिली, पुन्हा मागचा बाक, आणि तिथे मण्यांच्या माळांचा वर्ग असला तर तोही. मी आज जेवले नाही म्हणून आई रागावली आहे.

दादा, तू दारात उभा राहून "जातो" म्हणालास तेव्हा आईच्या हातात डाव होता. ती म्हणाली, "अरे, येतो म्हण." तू म्हणालास, "नाही. जातो." बाबा आतून म्हणाले, जायचं तर जाऊ दे त्याला. इतकी वर्षं मला तुझा राग होता तो जाण्याबद्दल नव्हता, त्या शब्दाबद्दल होता. एक शब्द बदलला असतास तर काय बिघडलं असतं, असं वाटायचं. आज त्या चौकोनांमध्ये उभी असताना लक्षात आलं की तू खरं तेच सांगत होतास आणि आम्ही सगळे तुझी भाषा सुधारत बसलो. दुकान नको म्हणालास, तर घरातल्या कुणीही तुला "का?" एवढं विचारलं नाही. मीही नाही. मी जिन्यावर होते.

हे पाठवू की नको ठरत नाही. पाठवते.


सोमवार, २३ फेब्रुवारी

दादा,

आठवडा धावपळीत गेला आणि हाती काही लागलं नाही. मोठ्या बाईंना विचारलं, मुलांनी दाखले नेलेत का, म्हणजे पुढची शाळा कळेल. त्या म्हणाल्या, दाखला न्यायला वेळ असता तर ती माणसं अशी उठून गेली असती का? पण बोलताना त्यांनी माझ्यासमोर पाण्याचा पेला सरकवला. वाईट नाहीत त्या. पुष्कळ मुलं गेलेली पाहिली आहेत त्यांनी, एवढंच.

ठेकेदाराच्या कचेरीत फोन केला. मी अडखळायला लागले आणि पलीकडच्या माणसाला वाटलं लाईन खराब आहे. त्याने ठेवून दिला.

काल रविवारी एकटीच निघाले. नळ बुजवलेला आहे त्या मातीच्या पट्ट्यावरून चालत गेलं की माणसं सापडतील, असं साधं गणित. बसने फाट्यापर्यंत गेले आणि तिथून चालले, चालले. शेवटी पट्टा संपला तिथे एक गंजलेली पाटी होती. कामाचा शुभारंभ. मी नळाच्या शेपटाशी पोचले होते, तोंडाशी नाही.

घरी आले तेव्हा पाय सुजले होते. बाबांनी विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मातीवर गवत होतं?"

"होतं."

"मग तिकडे कशाला गेलीस? गवत उगवलेली माती जुनी असते. उघड्या मातीकडे जायचं."

मी म्हटलं, पुढच्या रविवारी जाईन. ते ताटातला भात कालवत राहिले. जेवून उठताना म्हणाले, "रविवारी शाळा बंद असते. पोरगी शाळेत शोधायची की रानात? शनिवारी जाऊ."

जाऊ, असं म्हणाले. आईने माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. आपल्या आठवणीत शनिवारी दुकान कधी बंद राहिलंय, दादा? आजोबा गेले तेव्हाही अर्धं दार उघडं होतं.


रविवार, १ मार्च

दादा,

सापडली! हे आधी लिहून टाकते, कारण तूही माझाच भाऊ आहेस, शेवटपर्यंत धीर धरणार नाहीस.

काल सकाळी स्कूटरवर निघालो. पुढे बाबा, मागे मी, मांडीवर चष्म्याची डबी. बाबा स्कूटर कशी चालवतात ते तुला माहीत आहे. दोन सायकलवाले आणि एक म्हैस आमच्या पुढे निघून गेली. डाव्या हाताला मातीचा पट्टा होता. आधी गवताचा, मग तुरळक गवताचा, मग उघडा. उघडी माती दिसली की बाबा मागे न बघता म्हणायचे, "बघ." तिसऱ्या गावाशी माती ओली होती आणि पलीकडे नळाचे तुकडे ओळीने पडले होते. तिथे शाळा विचारली.

तिथल्या बाई माझ्याच वयाच्या. लाल दोऱ्यांच्या दोन वेण्या, सारखी का विचारते, असं सांगितल्यावर त्या हसल्या. "आहे ना. पहिलीत बसवलंय. बोलते फार, पण अक्षर ओळखत नाही. सोमवारी तिला आम्ही वेगळ्या वर्गात..."

मी पुढचं ऐकलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही.

पहिलीच्या वर्गात सगळ्यात मागे ती बसली होती. बाक एवढा बुटका की गुडघे हनुवटीला टेकलेले. मी दारात उभी राहिले. तिने माझ्या दिशेने पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. दारात मी होते की दाराचा खांब होता, तिला कळत नव्हतं. मला हाक मारायची होती, पण हाक मारायच्या वेळी माझा आवाज कुठे जातो ते तुला ठाऊक आहे. मी पुढे होऊन डबी उघडली आणि चष्मा तिच्या नाकावर ठेवला. दांड्या कानामागे नीट बसल्या की नाही ते बाबांनी वाकून बघितलं, गिऱ्हाइकाचं बघतात तसंच.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाई, तुम्हाला इथे तीळ आहे." आणि स्वतःच्या गालाला बोट लावलं.

मी हो म्हटलं. मग ती भिंतीकडे बघायला लागली, खिडकीकडे, खिडकीतल्या झाडाकडे. झाडाकडे बराच वेळ. बाबा माझ्या कानाशी म्हणाले, "पानं मोजतेय."

आणि एकदम तिचा चेहरा पडला. ती हळूच म्हणाली, "बाई, मी खोटं बोलले. येते म्हणाले आणि आले नाही. मी बाबांना सांगितलं, मला परत जायचंय, मी बाईंना येते म्हटलंय. ते म्हणाले, लांब आहे."

दादा, इतके दिवस मी स्वतःला खात होते आणि ती स्वतःला. एकाच शब्दावरून. मी बाकावर तिच्या शेजारी बसले, म्हणजे बसायचा प्रयत्न केला. म्हटलं, "तू खोटं नाही बोललीस. येते म्हणणाऱ्याला कधीकधी जमत नाही यायला. मग दुसऱ्याने यायचं असतं."

"का?"

"म्हणजे मग येणं होतंच. कोण आलं ते काही महत्त्वाचं नसतं."

तिने यावर विचार केला. पटलं असावं, कारण पुढचा का आला नाही.

तिथल्या बाईंनी फळ्यावर एक वाक्य लिहिलं. काकाने ते मागच्या बाकावरून वाचलं. अडखळत, पण माझ्यासारखी नाही, नव्याने वाचणाऱ्यासारखी. पुस्तकाला नाक लावून काकाने अक्षरं कधीच शिकून घेतली होती, फक्त फळ्यावरची तिला दिसत नव्हती. बाईंनी कपाळाला हात लावला आणि तिला तिथल्या तिथे उठवून चौथीत नेऊन बसवलं. "डोकं ठीक आहे, तक्ता उलटा आहे" हे मी घोकून ठेवलेलं वाक्य म्हणायची वेळच आली नाही. थोडं वाईट वाटलं.

पण ही काही शेवटची शाळा नाही. नळ पुढे जाणारच. म्हणून शाळा सुटल्यावर पायरीवर बसून मी तिला एक वाक्य शिकवलं, नव्या शाळेत पहिल्या दिवशी आपणहून म्हणायचं: "मला लांबचं दिसत नाही, माझा चष्मा मायनस सहा आहे, मी चौथीची आहे, मला पुढे बसवा." तिने ते पुन्हा पुन्हा म्हटलं आणि शेवटी स्वतःची भर घातली: "आणि का ते मी सांगते."

तिचे वडील न्यायला आले. चष्मा बघितला आणि जागच्या जागी थांबले. त्यांना आपली भाषा थोडी येते. लेकीला पुढे पाठवून ते बाबांना म्हणाले, "मी जाळ करतो. ही लहान होती, माझ्याजवळ बसायची. जाळाकडे बघायची. त्याने झालं?"

तेव्हा मला कळलं, त्या दिवशी ते पायरीखाली का उभे राहिले. कपड्यांमुळे नाही. आत आले असते तर कुणीतरी हे सांगितलं असतं.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "नाही. डोळा वाढताना जरा लांबट वाढला, बस. पोरांची उंची वाढते तसा. तुमचा त्यात काही हात नाही." मग म्हणाले, "बापाला वाटतं सगळं आपल्यामुळे. तसं नसतं."

त्या माणसाला सगळे शब्द कळले की नाही, सांगता येत नाही. पण त्याने बाबांचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. बाबांनीही सोडवून घेतले नाहीत.

निघताना काका फाटकापर्यंत आली. मी स्कूटरवर बसले आणि मला बोलता येईना. येते म्हणू की जाते म्हणू? तीच म्हणाली, "बाई, येते म्हणा." म्हणून म्हटलं.

परतीच्या वाटेवर बाबांनी मध्येच स्कूटर थांबवली. मला वाटलं पेट्रोल. तुझं नाव न घेता, रस्त्याकडेच बघत ते म्हणाले, "त्याचा चष्मा जुना झाला असेल."

मी म्हटलं, "झाला असेल."

त्यांनी किक मारली. सुरू व्हायला वेळ लागला.


शुक्रवार, १३ मार्च

दादा,

तुझं कार्ड आलं. तीन ओळी. "काका सापडली का? ताबडतोब कळव. पत्ता बदललाय, खाली लिहिलाय." तुला माझी सतरा तारखेपर्यंतचीच पत्रं मिळालेली दिसतात, पुढची वाटेत असतील. म्हणजे तू तिकडे बसून काळजी करत होतास आणि इकडे ती चौथीत बसून सगळ्यांना का विचारत होती. तोवरची सगळी पत्रं मिळालीत तर. सगळी उघडलीस.

आईने ते कार्ड आधी वाचलं आणि मला हळूच विचारलं, "अगं, हे काका म्हणजे आपले काका का? त्यांना काय झालं?" मग तिला सगळी कथा सांगावी लागली. ती हसता हसता रडली आणि वर मलाच म्हणाली, कांदा तिखट आहे. समोर कांदा नव्हता.

बाबांनी कार्ड दुकानात नेलं आणि दिव्याखाली धरलं. मला वाटलं वाचतायत. ते म्हणाले, "अक्षर बघ केवढं काढलंय. पूर्वी मुंगीसारखं लिहायचा. नंबर बदललाय त्याचा." आणि कार्ड खिशात घातलं. मी परत मागितलं तर म्हणाले, तपासतोय. अजून तपासतायत.

काल माझ्या टेबलावर एक गुंडाळी होती, वर सुतळी बांधलेली. आत अक्षरांचा तक्ता. मी विचारलं तर म्हणाले, "वीस फूट मोजून भिंतीवर लाव. त्याला एक डोळा झाकून वाचायला सांग, मग दुसरा. कुठली ओळ अडते ते लिहून आण, बाकी मी बघतो." आणि दोन पावलं गेल्यावर वळून म्हणाले, "सरळ अक्षरांचा दिलाय. उलटा नाही." म्हणजे ते त्यांना तेव्हाही माहीत होतं.

माझी सुट्टी पुढच्या महिन्यात लागते. मोठ्या बाईंना सांगितलं, भावाकडे जायचंय. त्या म्हणाल्या, भाऊ आहे तुला? मी म्हटलं, आहे. हे बोलताना अडखळले नाही. वर्गात आता नवी मुलं आली आहेत. त्यांना ये आणि जा शिकवून झालंय, आणि त्या दिवशी मी निघताना नुसता हात हलवला. शहाणपण येतं, दादा, उशिरा येतं.

तू "जातो" म्हणून गेला होतास. तेव्हा परत यायचं तुझ्यावर काही बंधन नाही, तू कबूलच केलं नव्हतंस. ते आता माझ्यावर. खोली केवढी आहे ते मात्र आधी कळव, वीस फूट लागतील. कमी पडली तर दार उघडं ठेवू, तू बाहेर उभा राहा आणि आतलं वाच.

मी येते. निघताना म्हणतात ते येते नाही, दादा. खरंच येते.